वारंगुळ्यातला शुक्रवार

शुक्रवारी घोडेगावला जनावरांचा बाजार भरतो. माझी बायको दर शुक्रवारी त्या बाजाराला जायची. विकत काही घ्यायचं नसायचं, विकायचंही नसायचं. नुसती बघायला जायची. दुसऱ्यांच्या बायका माहेरी जातात, देवाला जातात, ही म्हशी बघायला जायची. पारावर कुणी ना कुणी मला टोचायचंच, "काय, आज मालकीण बाजारात, न् तू चुलीपाशी का?" मला तिची लाज वाटायची. हे आधीच सांगून टाकतो, म्हणजे पुढचं सांगायला सोपं जाईल.

जनावराची पारख तिला बापाकडून आली होती. लांबून चालत येणारी म्हैस बघून सांगायची, मागचा डावा पाय टेकताना कचरती म्हणून. दात न बघता वय सांगायची आणि मग दात बघून खात्री करायची. कासेवरून हात फिरवून म्हणायची, "हिचा एक सड बंद हाय," की व्यापारी खाली बघायचा. घेणारे लोक तिला शोधत यायचे. "वहिनी, जरा हिकडं या, ह्या गाईला हात लावून बघा." ती बघायची, खरं ते सांगायची आणि पुढं सरकायची. चहाशिवाय कुणाकडून कधी काही घेतलं नाही. चहा मात्र दोनदा घ्यायची.

आमची चार एकर कोरडवाहू, त्यातलं एकरभर विहिरीवर भिजतं. अशा घरातल्या बाईला आठवड्याचा एक अख्खा दिवस मोकळा मिळायचा तो वारंगुळ्यामुळं. ज्यांना हे माहीत नाही त्यांना सांगतो. शेजारपाजारच्या पाच-सहा बायका मिळून एकमेकींच्या रानात आळीपाळीनं राबतात. आज तुझ्याकडं, उद्या माझ्याकडं. मजुरी नाही, दिवसाला दिवस फेडायचा. माझ्या बायकोनं त्या बायकांशी ठरवून घेतलं होतं की शुक्रवारी मला धरायचं नाही. त्याच्या बदल्यात खुरपायला बसल्यावर बाकीच्या एकेक पात धरायच्या, ही दोन धरायची. पात म्हणजे एका बाईनं खुरपत न्यायचा पट्टा. दोन पाती ओढून संध्याकाळी तिला उंबरा चढताना चौकट धरावी लागायची. पण शुक्रवारी सकाळी निघाली की दाव्यातून सुटलेल्या कालवडीसारखी. फाट्यापर्यंत तिच्या मागं मला चालता यायचं नाही.

एका वर्षी आमच्या कांद्याची लागण होती. त्या बायकांनी दोन दिवस वाकून आमचं रान लावून दिलं. तिसऱ्या दिवशी बांधाशेजारच्या बाईची पाळी. ती सकाळीच हाक मारायला दारात आली. माझ्या डोक्यात गव्हाचं पाणी होतं. लाईट दुपारी जाणार, दारं धरायला, म्हणजे पाणी वाफ्यावाफ्यात वळवायला, माणूस पाहिजे. बायको आत भाकरी बांधत होती. मी दारातूनच सांगून टाकलं, "आज ती येणार न्हाई."

"आवो पर रोपं उपटून पडल्यात आमची. सुकून जात्याल."

"सांगितलं ना. न्हाई येणार."

ती बाई एकदा माझ्याकडं बघून गेली. आत बायको तशीच उभी, हातात भाकरीचं फडकं.

"मला इचारायचं तरी," ती म्हणाली.

"त्यात काय इचारायचं?" मी म्हणालो.

बायकांनी तिला वारंगुळ्यातून काढलं. भांडण नाही, शिवी नाही. सकाळची हाक मारायला कुणी आलं नाही, एवढंच. वारंगुळा गेला तसा तिचा शुक्रवारही गेला. तीन वर्षं ती बाजाराला गेली नाही. मला त्यावरून एक शब्द बोलली नाही. शुक्रवारी गोठा मात्र दोनदा झाडायची. मला वाटायचं, चला, खोड मोडली. पुढं त्या बायकांनाच कणव आली आणि त्यांनी तिला परत घेतलं. माझा त्यात काही हात नव्हता.

बायको गेली त्याला आता दुसरं वर्ष लागलंय. पोटाचं दुखणं निघालं आणि तीन महिन्यांत सगळं आटोपलं. दवाखान्यात शेवटच्या शुक्रवारी खिडकीकडं बघून म्हणाली, "आज लई जनावर आलं आसंल." मी म्हणालो, "गप पडून ऱ्हा." दुसरं काही सुचलं नाही. काय म्हणायला पाहिजे होतं, ते अजूनही सुचत नाही.

आम्हाला एकच मुलगी. पुण्याला कंपनीत आहे. कुठल्या तरी परदेशातल्या दुकानांची बिलं कॉम्प्युटरमध्ये अडकली की ती इथून मोकळी करायची, असं तिचं काम. आईच्या दहाव्याला आली ती परत गेलीच नाही. ओसरीवर टेबल मांडलं, लॅपटॉप उघडला, कानाला ते यंत्र लावलं. मला वाटलं नोकरी गेली आणि पोरगी लपवतेय. दोन दिवस कळ काढली, तिसऱ्या दिवशी विचारलंच.

"पोरी, खरं सांग. काढलं का तुला?"

"न्हाई ओ आबा. घरून काम करायची परवानगी घेतलीय. चार दिवस जास्त वेळ बसायचं, शुक्रवार मोकळा."

"मोकळा म्हंजी? पगार कापून?"

"पगार तेवढाच. आपल्याला जे आवडतं ते करायला दिवस देतात. कुणी गाणं शिकतं, कुणी डोंगर चढतं."

"आन् तू काय करणार?"

"घोडेगावला जाणार," ती म्हणाली.

ती लहानपणी आईचं बोट धरून त्या बाजारात जायची. आई जनावरं बघायची आणि ही पाटीवर ती काढायची. पुढं शिकायच्या नादात ते मागं पडलं असं मी धरून चाललो होतो. तिनं पिशवीतून जाड वही काढून दाखवली. शिंगं, खूर, पाठीवरचे भोवरे, कास. एका पानावर नुसतं म्हशीचं नाक होतं, ओलं दिसत होतं. मला चित्रातलं काही कळत नाही. पण ते नाक बघून मी वैरणीकडं हात नेला, एवढं सांगतो.

पण फुकट कुणी दिवस देत नसतं, हे मला माहीत. मी विचारलं, "तू शुक्रवारी बाजारात, मग तुझं काम कोण वढतं?"

"आमच्याकडं एक मुलगी हाय, ती बघती. तिला अडचण आली की मी तिचा दिवस करते. वारंगुळाच समजा, आबा."

ती हसत म्हणाली. मी हसलो नाही. मी ते तसंच धरलं.

वर्षभर बरं चाललं. शुक्रवारी सकाळी ती आईच्याच वाटेनं फाट्यावर जायची. स्वतःचा फोन बंद ठेवायची, चित्र काढताना वाजला की हात हलतो म्हणायची. कंपनीचा फोन फडताळात, आईच्या फोटोपाशी. मला बजावलं होतं, वाजला तर उचलू नका. संध्याकाळी अंगाला शेणाचा वास घेऊन यायची आणि ताटावर बसल्या बसल्या सांगायची, कुणाची गाय कशी होती, आईला ओळखणारा तो म्हातारा व्यापारी काय म्हणाला. घरात पुन्हा तेच बोलणं ऐकू यायला लागलं. बायको सांगायची तेव्हा मी अर्ध्यातून उठून जायचो. आता मी हात वाळेपर्यंत बसायचो.

मग तो शुक्रवार. कंपनीचा फोन वाजला. मी बसून राहिलो. थांबला, परत वाजला. तिसऱ्यांदा वाजला तेव्हा मी उचलला. कुणाचं काय झालंय कुणास ठाऊक, असं मनात आलं. ज्यांच्या घरात माणूस जातं त्यांना वाजणारा फोन बघवत नाही.

पलीकडं शुक्रवारचं काम ओढणारी तीच मुलगी. रडत होती.

"काका, ताई आहे का? माझी आई न्हाणीघरात पडली. दवाखान्यात नेलंय. मला निघायला पाहिजे."

"ती बाजारात हाय, बाई."

"मग राहू द्या. मी साहेबांना विचारते, दुसरं कुणी बसतं का बघते."

इथं मी गप बसायला पाहिजे होतं. तिचं तिनं बघून घेतलं असतं. पण मला ती दारात उभी असलेली बांधाशेजारची बाई दिसली. उपटलेली रोपं सुकायला लागलेली. वर्षभर ह्या पोरीनं आमच्या पोरीचा शुक्रवार ओढला, आणि आज हिच्या आईचं हाड मोडलं तर आमच्या दारातून हिनं परत जायचं?

मी म्हणालो, "कुणाला इचारू नगं. तू नीघ. तिच्याकडं दिवस हाय तुझा. ती बसंल."

"नक्की ना काका? आत्ता लगेच बसेल?"

"शब्द दिला ना. जा तू."

ती गेली. फोन ठेवला आणि मग माझ्या ध्यानात आलं की पोरगी पंधरा किलोमीटर लांब आहे आणि तिचा फोन बंद आहे.

मी फाट्यावर पळालो. पळालो म्हणजे आमच्या वयाचं पळणं. एस.टी. नुकतीच गेलेली. दुधाच्या टेम्पोला हात केला, तो वाटेत दोन डेअऱ्यांवर थांबला. ड्रायव्हरला म्हणालो, "लवकर घे रं." तो म्हणाला, "बाबा, म्हस घ्यायची का पळून चाललीय?" बाजारात पोचलो तेव्हा ऊन डोक्यावर. हजारभर जनावर, तेवढीच माणसं, टेम्पोंचे धुरळे. इतक्या वर्षांत त्या बाजारात मी बायकोबरोबर एकदाही आलो नव्हतो. कुठं काय बांधतात, ती कुठून कुठं जायची, मला काही माहीत नाही. म्हशींत शोधली, गाईंत शोधली, शेरडांत शोधली. एकानं मला दलाल समजून हाताला धरलं. शेवटी एका म्हाताऱ्या व्यापाऱ्याला विचारलं, "चित्रं काढणारी पोरगी बघितली का?" तो म्हणाला, "आमच्या वहिनींची व्हय? ती तिकडं बैलांत." त्याची वहिनी म्हणजे माझी बायको. मी कोण ते त्यानं विचारलं नाही.

ती एका पालथ्या घमेल्यावर बसली होती. समोर पांढरा खिलार बैल. त्याचं उजवं शिंग वहीत उतरलं होतं, डावं राहिलं होतं. मला बघून तिच्या हातातली पेन्सिल खाली पडली.

"आबा? काय झालं? कोण गेलं?"

"कुणी न्हाई. मी शब्द दिलाय," मी म्हणालो, आणि सगळं सांगितलं.

ती ऐकता ऐकता उठली. वही मिटली. परतताना गाडी मिळायला आणखी वेळ गेला. घरी येऊन लॅपटॉप उघडला तेव्हा चार वाजून गेले होते. सकाळपासून कुणी जागेवर नव्हतं. दुकानांची बिलं अडून बसलेली, तिकडच्या लोकांनी साहेबाला झोडलेलं. संध्याकाळी साहेबाचा फोन आला. ती अंगणात उभी राहून इंग्रजीत बोलत होती. मला त्यातलं 'सॉरी' तेवढं कळालं, तीनदा.

सोमवारी निरोप आला. शुक्रवार बंद. घरून कामही बंद. पुढच्या आठवड्यापासून पुण्याला हजर व्हायचं. अशी सूट भरवशावर असते, म्हणाला म्हणे साहेब. त्याचं खोटं नव्हतं. भरवसा म्हणजे काय ते आमच्या गल्लीतल्या बायकांनी मला कधीच शिकवलं होतं.

मी म्हणालो, "साहेबाचा नंबर लाव. मी बोलतो."

"काय बोलणार तुमी?"

"चूक माझी हाय म्हणंन. पोरीला ठावं बी नव्हतं म्हणंन."

"म्हंजी कंपनीचा फोन घरातलं कुणीबी उचलतं, आसं सांगणार. मग तर नोकरीच जाईल." ती थकल्यासारखी बोलली, रागानं नाही. "ऱ्हाऊ द्या आबा."

"मग काय करू मी?"

"काही नका करू."

एवढं अवघड काम मला आजवर कुणी सांगितलं नव्हतं. मी गोठ्यात गेलो. शेरडांना पाणी दाखवलं, त्यांनी प्यायलं होतं. परत आलो. तिच्या त्या मैत्रिणीच्या आईचं विचारलं. खुब्याचं हाड मोडलंय, ऑपरेशन झालं, म्हणाली. त्या पोरीलाही साहेबानं बोल लावला होता, न सांगता उठून गेली म्हणून. म्हणजे मी दोघींचं केलं.

जायच्या आदल्या दिवशी ती कपडे भरत होती. मी दारात बसून होतो. शेवटी म्हणालो, "तुझ्या आईचा दिवस मी एकदा मोडला हुता. कांद्याच्या वक्ताला. म्हणून ह्या बारीला म्हणलं, न्हाई मोडायचा."

"मला माहीत हाय ते. आईनं सांगितलं हुतं."

मी मान वर केली. इतकी वर्षं मला वाटत होतं, ती विसरली.

"काय सांगितलं हुतं?"

तिनं साडीची घडी घातली. आईची साडी होती, तीही पिशवीत ठेवली. मग म्हणाली, "गव्हाच्या पाण्याचं काही नव्हतं तिला. म्हणायची, पाणी महत्त्वाचं हुतं, मीबी थांबले आसते. पर तुमी तिला इचारलं न्हाई." पिशवीची चेन ओढत म्हणाली, "आई आसती तर शब्द द्यायच्या आधी तिनं मला इचारलं आसतं."

कांद्याच्या वर्षी दिवस मोडला तो मी, आणि आता दिवस पाळला तोही मी. एकदा नाही म्हणालो, एकदा हो म्हणालो. दोन्ही वेळी ज्याचं त्याला विचारलं नाही. हे मला सत्तरी उलटल्यावर कळलं आणि कळून उपयोग काय? जिला सांगायचं ती फोटोत, आणि दुसरी सकाळच्या गाडीनं जाणार.

फाट्यावर तिला सोडायला गेलो. गाडीत चढताना म्हणाली, "आबा, त्या खिलाराचं डावं शिंग ऱ्हायलंय. बाजारात दिसला तर फोटू काढून धाडाल का?" विचारलं तिनं. हुकूम केला असता तरी मी गेलो असतो.

शुक्रवारी गेलो. तिनं माझ्या फोनचं कुठलं बटण दाबायचं ते खुणेनं दाखवलं होतं. बैलांच्या रांगा दोनदा पालथ्या घातल्या. पांढरे पुष्कळ होते, तो नव्हता. त्या म्हाताऱ्या व्यापाऱ्याला विचारलं. म्हणाला, "तो मागल्याच बाजारी इकला. तिकडं श्रीगोंद्याच्या अंगाला गेला कुणाकडं तरी." डावं शिंग गेलं ते गेलंच.

दुपारी तिच्या जेवणाच्या सुट्टीत फोन आला. मागं माणसांचा गलबला, भांड्यांचा आवाज.

"मिळाला का, आबा?"

"न्हाई. इकला."

"बरं. ऱ्हाऊ द्या." मग म्हणाली, "कसला आवाज येतोय तो? म्हस हाय का?"

"व्हय. पारडी हाय. आईला हाका मारती."

"फोन जरा तिकडं धरा."

मी धरला. पारडी ओरडत होती. मी फोन कानाला लावला नाही, हात अवघडेपर्यंत तसाच धरून ठेवला. बघितलं तेव्हा बंद झालेला होता. सुट्टी संपली असेल.

म्हातारा व्यापारी हे सगळं बघत होता. जवळ येऊन त्यानं मला चहा सांगितला आणि म्हणाला, "पोरगी न्हाई आली आज. ह्या पारडीची आई तिला दाखवायची हुती. पुढल्या बाजारी येईल का?"

तोंडात 'येईल' आलं होतं. त्याच्या मागोमाग 'न्हाई येणार' आलं. दोन्ही मी चहाबरोबर गिळलं.

"मला न्हाई सांगता येत," मी म्हणालो. "तिला इचारावं लागंल."

"आँ? बाप ना तू तिचा?" तो हसला.

"व्हय," मी म्हणालो, "बाप हाय."

त्यानं दुसरा चहा सांगितला. मी तोही घेतला. गाडीला अजून बराच वेळ होता.